सासऱ्यांचे डोळे उघडणारं सॉफ्टवेअर

फोटोत साठेक माणसं आहेत आणि एक सोडून सगळ्यांचे डोळे उघडे आहेत. ज्यांचे मिटलेले आहेत, त्यांच्याच सहस्रचंद्रदर्शनासाठी बाकीची सगळी पुण्याहून, ग्वाल्हेरहून, बडोद्याहून देवासला जमली होती. तान्ह्या बाळाचेसुद्धा डोळे उघडे. मागे मॅरेज गार्डनचा वॉचमन चुकून आलाय, त्याचेही उघडे. फक्त मधल्या खुर्चीत पगडी, उपरणं, हार अशा थाटात बसलेले माझे सासरे शिवाजीराव, म्हणजे आबा, डोळे मिटून बसले आहेत.

हा फोटो मी काढला. नुसता काढला असता तर ठीक होतं, पण हट्टाने काढला. माझे मेव्हणे कृष्णराव यांनी देवासचा एक स्टुडिओवाला ठरवत आणला होता. मी म्हणालो, "घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?" नवा कॅमेरा माझ्या गळ्यात होता, आणि धारच्या किल्ल्यावरच्या माझ्या सूर्यास्ताला नुकतीच बँकेतल्या सगळ्या स्टाफची पसंती मिळाली होती. (मी त्या शाखेत वरिष्ठ अधिकारी आहे, याचा त्या पसंतीशी संबंध नाही.) सासुरवाडीत जावयाचा शब्द मोडत नाहीत. कृष्णराव काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

धारला परतल्यावर मी फोटो 'देवास परिवार' या ग्रुपवर टाकला आणि कौतुकाची वाट बघत बसलो. पहिलं उत्तर कृष्णरावांचं आलं : "छान. आबा झोपलेत का?"

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. पुण्याच्या आत्याबाईंनी तर हात जोडलेलं चिन्ह टाकलं. ते मला जास्तच झोंबलं, कारण आमच्याकडे ते चिन्ह वेगळ्या प्रसंगी टाकतात.

इभ्रत वाचवायला मी पटकन लिहिलं, "एडिटिंग बाकी आहे."

कृष्णराव लगेच : "अरे वा! एडिटिंग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करता, दाजी?"

मला एकाही सॉफ्टवेअरचं नाव धड येत नव्हतं. मी लिहिलं, "निवड चालू आहे."

"करा करा. दसऱ्याला सगळे जमू तेव्हा फ्रेम भिंतीवर लावू. मात्र खोटे डोळे लावले तर मी ओळखीन बरं का."

ही धमकी पोकळ नव्हती. कृष्णरावांची उभी नोकरी देवासच्या नोटा छापण्याच्या कारखान्यात गेली. निवृत्त झाले तरी भाजीवाल्याने परत दिलेली दहाची नोट उजेडात धरून बघितल्याशिवाय ते खिशात घालत नाहीत. त्यांच्याकडे एक भिंग आहे. लग्नकार्यात ते भिंग ते रुमालासारखं सोबत बाळगतात.

तर अशा रीतीने मी सॉफ्टवेअर निवडायला लागलो.

माणूस स्कूटर निवडायला निघाला तर गल्लीतली चार माणसं सल्ला देतात. मी सॉफ्टवेअर निवडतोय ही बातमी पसरल्यावर मात्र ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, कंप्यूटर नाही, अशांनीही मला रस्त्यात थांबवलं. आमच्या समोरच्या विनीताबाई शाळेत शिकवतात. त्या थेट स्वयंपाकघरात आल्या. "अहो, सॉफ्टवेअर कसलं? मोबाइलवर एक ॲप आहे. बटण दाबलं की झालं! द्या इकडे."

त्यांनी दाबलं. आबांचे डोळे मिटलेलेच राहिले. बाकी सगळं बदललं. देवासच्या दरबारात ज्यांच्या तीन पिढ्या वावरल्या, ज्यांच्या मिशीला अजून रोज सकाळी वेगळा कंगवा लागतो, ते आबा गोरेपान झाले. गाल गुलाबी झाले, ओठांवर लाली आली आणि मिशी गेली. पगडी घातलेली एखादी सुशील मुलगी ध्यानाला बसावी, तसे दिसायला लागले.

"किती तजेलदार दिसतात!" विनीताबाई म्हणाल्या.

माझी बायको विद्युल्लता पोहे परतत होती. तिने तो फोटो बघितला आणि गॅस बंद केला. "माझ्या बापाची मिशी परत आणा," एवढंच म्हणाली. त्या दिवशी पोह्यांवर शेव नव्हती.

मग उमाशंकरजी आले. हे आमचे शेजारी. धारमध्ये कुठलीही वस्तू विकत घेणं हा मूर्खपणा आहे आणि प्रत्येक वस्तू कोणाकडून तरी 'मिल जाती है', असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे.

"भास्कर भिया, खरीदना कायको? अपना भतीजा है ना. सबसे महँगा वाला सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह में डालके ला देगा."

मी बँकेचा माणूस. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. उमाशंकरजी म्हणाले, "चोरी कैसी, भिया? उसके पास तो अब भी है." या युक्तिवादावर मला चहा संपेपर्यंत उत्तर सुचलं नाही, आणि चहा संपला तेव्हा पेनड्राइव्ह कंप्यूटरला लागलेला होता.

सॉफ्टवेअर उघडलं. भव्य होतं. फक्त सगळी बटणं कुठल्यातरी परदेशी लिपीत होती. अर्धी अक्षरं उलटी, काही खुर्चीसारखी. "चित्र देख के समझ में आ जाता है," असं म्हणून उमाशंकरजींनी एका कात्रीवर बोट ठेवलं. मी दाबलं. आत्याबाई नाहीशा झाल्या. त्यांना परत आणायला दुसरं काहीतरी दाबलं, तर साठच्या साठ माणसं डोक्यावर उभी राहिली, आबा मात्र त्या अवस्थेतही शांतपणे डोळे मिटून. आता तर ते शीर्षासन करताहेत असंच वाटत होतं.

आम्ही कंप्यूटर बंद करून पुन्हा चालू केला. तेव्हापासून तोही त्या परदेशी भाषेत बोलायला लागला. विद्युल्लता भिशीच्या बायकांना पत्र टाइप करायला बसली, तर 'प्रिय भगिनींनो'च्या जागी खुर्च्यांची रांग उमटली. कंप्यूटर दुरुस्तीला गेला. उमाशंकरजी आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करत होते.

आता माझ्या स्वाभिमानाने डोकं वर काढलं. कंप्यूटर दुरुस्त होऊन आल्यावर रीतसर, पावती घेऊन, जगातले नावाजलेले फोटोग्राफर वापरतात तेच सॉफ्टवेअर घ्यायचं मी ठरवलं. ते विकत मिळत नाही, दरमहा भाड्याने मिळतं. परदेशी कंपनी. मी कार्डाचा नंबर टाकला, आणि माझ्या बँकेने व्यवहार संशयास्पद म्हणून अडवला.

दुसऱ्या दिवशी शाखेत बसूनच मी बँकेच्या मदतक्रमांकावर फोन केला. बाईंनी मंजुळ आवाजात सांगितलं, "आपल्या शाखेतल्या संबंधित अधिकाऱ्याशी संपर्क साधा. नंबर लिहून घ्या." मी लिहून घेतला. ओळखीचा वाटला. फिरवला, तर माझ्याच टेबलावरचा फोन वाजला.

परदेशी व्यवहारांवरचा अटकाव काढण्याचं काम आमच्या शाखेत माझ्याकडेच आहे. नियम असा, की ग्राहकाने लेखी अर्ज द्यावा. तेव्हा मी मला अर्ज लिहिला. 'महोदय' असा मायना घालताना बरं वाटलं. अर्ज माझ्या टेबलावर आला. मी तपासला, तर आधारकार्डाची प्रत जोडलेली नव्हती. शिपायासमोर, दोन लिपिकांसमोर मी काय करणार? लाल शाईने 'अपूर्ण' असा शेरा मारून तो मी मला परत केला. मला माझा फार राग आला. पण अधिकारी म्हणून माझं वागणं मला आवडलं.

दुसऱ्या वेळी प्रत जोडली. मी मंजूर केलं. मात्र अशा अर्जावर दुसऱ्या अधिकाऱ्याचीही सही लागते. ती स्वप्नालीमॅडमची. मॅडम कडक आहेत.

"सर, व्यवहाराचं कारण लिहिलेलं नाही."

मागे ग्राहकांची रांग होती. मी घाईघाईने जे खरं होतं ते लिहून दिलं : 'सासऱ्यांचे डोळे उघडणे.'

मॅडमचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे. मोतीबिंदू?"

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी सही केली होती, आणि कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय' असं लिहिलं होतं. मी दुरुस्त करायला हवं होतं. पण दुरुस्ती केली की अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

सॉफ्टवेअर मिळालं. उघडलं तर विमान चालवायला बसल्यासारखं वाटलं. शिकवणारे व्हिडिओ शोधले. पहिल्यात एक गृहस्थ म्हणाले, आधी रंग म्हणजे काय हे समजून घेऊ. ते समजेपर्यंत दसरा उलटून संक्रांत आली असती. शेवटी कोपऱ्यात एक बटण सापडलं : कृत्रिम बुद्धिमत्ता आपोआप मिटलेले डोळे उघडते म्हणे. मी देवाचं नाव घेऊन दाबलं.

एक चक्र फिरलं, आणि आबांनी डोळे उघडले!

मी "विद्युल्लता!" अशी हाक मारली, ती धावत आली. तिने वाकून पडद्याकडे बघितलं. आबांचे डोळे टपोरे, चमकदार आणि चक्क घारे होते. त्यांच्या पापण्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या वर वळल्या होत्या.

"हे कोण आहेत?" तिने विचारलं.

"आबा."

"आबांचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आहे. लहानपणी मला रागे भरताना तो अजून बारीक व्हायचा. ह्या माणसाने मला कधी रागे भरलेलं नाही." ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला नक्की करायचंय काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर देवासहून सासूबाईंचा फोन आला. नर्मदाबाई, म्हणजे आमच्या आईसाहेब, हुंदके देत होत्या. "जावईबापू, ह्यांच्या डोळ्यांचं एवढं मोठं ऑपरेशन, तेसुद्धा परदेशी डॉक्टरकडून, आणि मला कोणी सांगितलं नाही? मीच विचारलं तर म्हणतात, मला काही झालेलं नाही. म्हणजे ह्यांच्यापासूनही लपवलंत?"

स्वप्नालीमॅडमचं माहेर देवासचं आहे. आमच्या सासुरवाडीच्याच गल्लीतलं.

फोनवर समजावण्यात अर्थ नव्हता. शिवाय विद्युल्लतेच्या त्या प्रश्नाने माझं डोकं पहिल्यांदाच जागेवर आलं होतं. मला काय करायचं होतं? आबांचे डोळे उघडायचे होते. आबांचे. मग ते डोळे मशीन कुठून आणणार? ते देवासला होते. आम्ही सगळे अल्बम चाळले. प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले. कोणी "रेडी" म्हटलं की आबांच्या पापण्या पडदा पडावा तशा पडतात. म्हणजे आधी आबांचा डोळे उघडे असलेला एक फोटो काढायचा, आणि मग तसं सॉफ्टवेअर शोधायचं, ज्यात इथून उचलून तिथे ठेवता येईल.

रविवारी सकाळी आम्ही इंदूरला बस बदलून देवासला गेलो. आईसाहेबांना खरं काय ते सांगून शांत केलं. आबांना सांगायचं नाही असं ठरलं, कारण कळलं की ते खुर्चीत ताठ बसणार आणि डोळे मिटणार.

दुपारी आबा अंगणात, समारंभाच्या फोटोत होतं तसल्याच उन्हात, खुर्चीवर बसले. नवरात्र जवळ आलं होतं, देवीच्या टेकडीवर जाणाऱ्या पायवाटेच्या दिव्यांची जोडणी चालली होती, तिकडे ते बघत होते. मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहून लेन्स बाहेर काढली.

"भास्करराव," आबा मान न वळवता म्हणाले, "चादरीमागे काय करता?"

"पोपट, आबा. पेरूवर."

"पेरू तुमच्या पाठीमागे आहे."

मी पेरूकडे तोंड केलं. मग हळूच वळून बटण दाबलं. आवाज झाला, पापण्या पडल्या. मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. तरी पडल्या. त्यांना ते कसं कळत होतं, मला आजही समजलेलं नाही. थोड्या वेळाने त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. आबा खरोखर झोपले होते. माझा धीर सुटला. मी पायरीवर बसून विद्युल्लतेला म्हणालो, "जाऊ दे. ते कृत्रिम डोळेच ठेवू. रंग तेवढा काळा करतो."

ती जरा मोठ्यानेच म्हणाली, "आबांना घारे डोळे लावलेत ते कमी झालं का?"

"कोणाला?" खुर्चीतून आवाज आला.

विद्युल्लतेने जीभ चावली.

"आम्हाला?" आबा ताठ झाले. "घारे डोळे? आमच्या घराण्यात?"

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा डोळा पूर्ण उघडा, डावा किंचित बारीक. भालदाराने एका बाजूला व्हावं अशी ती नजर होती. पण माझा हात चालला. मी बटण दाबलं, दाबतच राहिलो. आबा रागावत गेले आणि मी काढत गेलो.

"आबा, झालं!" मी ओरडलो. "असेच हवे होते!" आणि सगळी हकीकत सांगून टाकली. आबांनी ती ऐकली. मिशीवरून हात फिरवला. "मग आणखी थोडं रागवायचं का?" त्यांनी विचारलं.

धारला परतल्यावर मी सॉफ्टवेअर निवडलं. या वेळी बँकेत निविदा तपासाव्यात तसं. सल्ला कोणाचाही घेतला नाही. प्रत्येकाला एकच परीक्षा : एका फोटोतला डोळा उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो का, मूळ फोटोला धक्का लागत नाही ना, आणि चुकलं तर सावकाश मागे येता येतं का? महागडं भाड्याचं पहिल्या प्रश्नातच मला सतरा प्रश्न विचारायला लागलं, ते मी बंद केलं. जे पास झालं, ते साधं, फुकट आणि रीतसर मिळणारं होतं. दिसायला अगदी बापुडवाणं. सुरुवातीला मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, कारण त्याची कोणी शिफारस केली नव्हती. त्यात फोटोवर पारदर्शक कागद ठेवावा तसा एक थर ठेवता येतो. त्या थरावर आबांची नजर ठेवायची, कडा खोडरबराने हलक्या हाताने विरघळवायच्या. खालचा फोटो जसाच्या तसा.

सुट्टीची पूर्ण दुपार लागली. विद्युल्लता शेजारी खुर्ची घेऊन बसली. "जरा डावीकडे. इतकं नाही. हं, आता सावली." उजवा बसला. मग डावा, तो लहान. शेवटची कड विरघळली तेव्हा ती एकदम पदर सावरून बसली. "बघा," ती म्हणाली, "रागावले."

मी हात वर करून खोलीत एक फेरी मारली. या वयात फेरी मारणं शोभत नाही, पण पाहायला दुसरं कोणी नव्हतं.

दसऱ्याला देवासच्या दिवाणखान्यात फ्रेमवरचं कापड आईसाहेबांनी काढलं. मंडळी पुढे सरकली. मधल्या खुर्चीतून आबा आपल्या सगळ्या गोतावळ्यावर नजर ठेवून होते, आणि गंमत म्हणजे त्या नजरेमुळे बाकीचे सगळे एकाएकी शिस्तीत उभे असल्यासारखे दिसत होते. वॉचमनसुद्धा.

कृष्णरावांनी भिंग काढलं. खिडकी उघडायला लावली. फ्रेम उजेडात तिरकी धरली, सरळ धरली. भिंग आबांच्या पापणीवर नेलं, कपाळावर नेलं, पगडीवर नेलं. पुण्याच्या आत्याबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावत होत्या.

शेवटी कृष्णरावांनी भिंग मिटलं.

"जोड सापडत नाही," ते म्हणाले. मग भिंग खिशात ठेवत, "दाजी, आमच्या नोटांच्या कारखान्यात तुम्हाला पाऊल ठेवू दिलं नसतं. धोकादायक माणूस आहात."

उभ्या आयुष्यात त्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. मी "काही विशेष नाही" असं म्हणालो, आणि ते शक्य तितक्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. खिळा कृष्णरावांनी स्वतः ठोकला.

जेवणापूर्वी आईसाहेब आतून एक जुनी काचेची तसबीर घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाची. मुंडावळ्या बांधलेली, जेमतेम मिसरूड फुटलेली आबांची मूर्ती, आणि डोळे मिटलेले.

"जावईबापू, आता हेही उघडून द्या. बासष्ट वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, धूर गेला होता म्हणून."

मी तसबीर हातात घेतली. त्या क्षणी मला काहीच अशक्य नव्हतं. "देऊ की," मी म्हणालो.

"नको," आबा खुर्चीतून म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. "ते तसंच राहू दे. धूर नव्हता गेला. फोटोवाला म्हणाला, नवरीकडे बघा. मी बघितलं. मग लाज वाटली."

आईसाहेब पुढे झाल्या. मग माझ्या हातातून तसबीर काढून घेतली, पदराने काच पुसली, आणि ती घेऊन आत गेल्या. त्या दिवशी पंगतीत आबांच्या पानात सगळ्यात आधी श्रीखंड पडलं. मग माझ्या, कृष्णरावांच्याही आधी.

"फोटोग्राफरांना अजून वाढा," आबा म्हणाले.